फुकटाचें गाणें आणि हक्काचें गाणें

संगीताची आवड असलेल्या घरांत आज एक प्रश्न हटकून निघतो. आजोबांच्या वेळच्या तबकड्या माळ्यावर पडून आहेत आणि त्या वाजविण्याचें यंत्र कधींच मोडीत निघालें आहे. वडिलांनीं जमविलेल्या कॅसेटींना बुरशी आली आहे. आणि घरांतला मुलगा म्हणतो, "हें सगळें इंटरनेटवर फुकट मिळतें. मग तुम्ही सांभाळतां कशाला?" मुलाचें म्हणणें निम्में खरें आहे. मिळतें पुष्कळ, परंतु जें मिळतें तें कोणाचें, तें किती दिवस मिळणार, आणि जें हातीं आलें तें खरोखर त्याच गवयाचें व त्याच सुरांतलें आहे काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणी माळा रिकामा करूं नये. अभिजात संगीताचीं ध्वनिमुद्रणें महाजालावरून फुकट किंवा थोडक्या पैशांत, आणि मुख्य म्हणजे राजरोसपणें, घरीं कशीं आणतां येतात हें आज मला सांगावयाचें आहे.

आरंभींच एक भेद स्पष्ट केलेला बरा. ऐकावयास मिळणें निराळें आणि उतरवून घेणें निराळें. वर्गणी भरून गाणीं ऐकविणाऱ्या ज्या सोयी आज घरोघर आहेत, त्यांत 'डाउनलोड' असें बटण असतें. तें दाबलें कीं गाणें मोबाइलमध्यें येतें खरें, पण कुलूप लावून येतें. वर्गणी थांबली कीं तें वाजेनासें होतें. आणि कंपनीचा व गाण्याच्या मालकाचा करार संपला, तर वर्गणी चालू असूनहि एके दिवशीं तें यादींतून नाहींसें होतें. हें वाचनालयांतलें पुस्तक झालें, आपल्या कपाटांतलें नव्हे. उतरवून घेणें म्हणजे गाण्याची स्वतंत्र प्रत, संगणकाच्या भाषेंत फाइल, आपल्या ताब्यांत येणें. तारा तुटोत, कंपनी बुडो, ती वाजत राहिली पाहिजे. आजच्या भाषणांत मी 'मिळणें' हा शब्द याच अर्थानें वापरणार आहें.

आतां 'फुकट' या शब्दाकडे वळूं. महाजालावर जें फुकट आढळतें त्याच्या माझ्या मतें चार जाती आहेत. ज्याच्यावरील हक्कांची मुदत संपली तें पहिलें. ज्याच्या मालकानें आपण होऊन सर्वांना देऊन टाकलें तें दुसरें. ज्याचा मालक केवळ ऐकूं देतो, नेऊं देत नाहीं, तें तिसरें. आणि ज्याचा मालक झोपेंत आहे तें चौथें. चौथी जात संख्येनें मोठी आहे आणि तिलाच लोक साधारणपणें 'इंटरनेटवर सगळें मिळतें' असें म्हणतात. शोधयंत्रांत एखाद्या गवयाचें नांव आणि 'फुकट' हा शब्द घातला कीं जीं स्थळें पुढें येतात, तीं बहुधा याच जातीचीं असतात. तेथें एकाच पानावर 'डाउनलोड' अशीं पांच-पांच बटणें लुकलुकत असतात, आणि त्यांतलीं चार जाहिरातीचीं असतात. एवढी एक खूण ध्यानांत ठेवावी: गाण्याच्या फाइलचें नांव एमपीथ्री, फ्लॅक, ऑग किंवा वेव्ह अशा अक्षरांनीं संपतें. एक्सई किंवा एपीके अशा अक्षरांनीं संपणारी वस्तु गाणें नसून कार्यक्रम असतो, आणि तो आपल्या यंत्रांत शिरून काय करील याचा नेम नाहीं.

पहिली जात आपल्याला सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा थांबूं. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरील हक्क, तें ज्या सालीं प्रसिद्ध झालें त्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षें टिकतो. म्हणजे १९६० मध्यें बाजारांत आलेल्या तबकडीवरील कंपनीचा हक्क ३१ डिसेंबर २०२० रोजीं संपला, आणि १ जानेवारी २०२१ पासून ती तबकडी सर्वांची झाली. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ सालीं निवर्तले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपणार अशी वेळ आली, तेव्हां कायदा दुरुस्त होऊन पन्नासांचीं साठ झालीं. बंगालच्या कवीमुळें आपल्या गवयांच्या तबकड्यांनाहि दहा वर्षें अधिक पहारा मिळाला, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असेल.

साठ वर्षांची ही रेषा दर १ जानेवारीस एक वर्ष पुढें सरकते, आणि सध्यां ती एका मोठ्या मजेदार ठिकाणीं आली आहे. आजवर ती ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळांतून चालली होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणें बसे. आतां ती दीर्घ तबकड्यांच्या, म्हणजे एल. पी.च्या काळांत शिरली आहे. तेथें एका बाजूवर वीस मिनिटें आणि त्याहून अधिक गाणें मिळतें. तीन मिनिटांत ख्याल सांगावयाचा म्हणजे विलंबिताला जवळजवळ रजाच. मध्य किंवा द्रुत लयींत अस्ताई-अंतरा, चार ताना आणि समाप्ति. जुन्या तबकड्यांवरून जुन्या गवयांचा अंदाज बांधणाऱ्यांनीं हें विसरतां कामा नये. अर्थात् त्या तीन मिनिटांतहि काय मावतें पहा: १९७७ सालीं सूर्यमालेच्या बाहेर जावयास निघालेल्या व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी पाठविली गेली, तिच्यावर गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि ती साडेतीन मिनिटांचीच आहे.

साल मोजतांना दोन ठिकाणीं घोटाळा होतो. एक असा कीं, हिशेब प्रसिद्धीच्या सालाचा करावयाचा, गाण्याच्या सालाचा नव्हे. १९५५ मध्यें कोणाच्या दिवाणखान्यांत झालेली बैठक कोणी टेपवर घेतली आणि ती कॅसेटरूपानें प्रथम १९९० मध्यें बाहेर आली, तर साठ वर्षांची मोजदाद १९९० नंतर सुरू होते. दुसरा घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. एका तबकडीवर एकच हक्क नसतो. ध्वनिमुद्रणाचा एक, चालीचा दुसरा, शब्दांचा तिसरा. परंपरेंतल्या चिजेला हा प्रश्न नाहीं, कारण तिचा कर्ता असलाच तर दोन-तीनशें वर्षांपूर्वींचा. परंतु नाट्यपदांना तो आहे. चाल आणि शब्द यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें चालतो. १९११ च्या 'मानापमान' नाटकाचे कर्ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ सालीं वारले आणि चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ सालीं. तेव्हां त्या नाटकाचीं पदें २०१५ अखेर सर्वस्वीं मोकळीं झालीं, आणि बालगंधर्वांच्या त्या जुन्या तबकड्या आज निःशंकपणें उतरवून घेतां येतात. उलट मास्टर कृष्णराव १९७४ मध्यें निवर्तले; त्यांनीं बांधलेल्या चालींवरील हक्क २०३४ अखेरपर्यंत उभा आहे, मग तबकडी कितीहि जुनी असो.

ज्यांचीं मुलें-नातवंडें अमेरिकेंत आहेत त्यांनीं आणखी एक गोष्ट जाणावी: हा हिशेब देशोदेशीं बदलतो. अमेरिकेंत २०१८ सालीं झालेल्या कायद्यानें १९२३ पूर्वीं प्रसिद्ध झालेलीं ध्वनिमुद्रणें १ जानेवारी २०२२ रोजीं मोकळीं केलीं, आणि १९२३ ते १९४६ या काळांतल्या ध्वनिमुद्रणांना शंभर वर्षांची मुदत दिली. त्यामुळें १९३६ ची जी तबकडी पुण्यांत केव्हांच मोकळी झाली, ती न्यू जर्सींत २०३६ अखेरपर्यंत बांधलेली राहील. एकाच कुटुंबांत बापाला मोकळी आणि लेकाला बांधलेली! कायद्याची ही गंमत नव्हे तर काय?

आतां हीं मोकळीं गाणीं सांपडतात कोठें? सर्वांत मोठें कोठार म्हणजे 'इंटरनेट आर्काइव्ह'. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथें १९९६ मध्यें स्थापन झालेली ही विनामूल्य ग्रंथालयासारखी संस्था आहे. तेथें निरनिराळ्या संग्राहकांनीं आपापल्या जुन्या हिंदुस्थानी तबकड्या चढविल्या आहेत. गवयाचें नांव इंग्रजी अक्षरांत, दोन-तीन प्रकारच्या लेखनानें घालून पाहावें. अब्दुल करीम खां यांचें नांव एके ठिकाणीं जोडून तर दुसरीकडे तोडून लिहिलेलें असतें, आणि 'केरकर' शोधून न सांपडलेलें 'केसरबाई' शोधल्यावर सांपडतें. पानाच्या उजव्या अंगास उतरवून घेण्याच्या प्रकारांची यादी असते. याच संस्थेचा '७८ तबकड्यांचा महाप्रकल्प' आहे. त्यांत एका तबकडीच्या पानावर पुष्कळ फाइली दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो. कारण असें कीं, तबकडी एकाच वेळीं निरनिराळ्या जाडीच्या चार सुयांनीं वाजवून घेतलेली असते. जुन्या तबकड्यांच्या रेघांची रुंदी सारखी नसे, आणि एका सुईला जी रेघ झिजलेली लागते तींतच दुसऱ्या सुईला कोरी जागा सांपडते. चारहि ऐकून जी कानाला स्वच्छ लागेल ती घ्यावी. या प्रकल्पावर २०२३ सालीं मोठमोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनीं न्यूयॉर्कला खटला भरला, आणि २०२५ मध्यें तो आपसांत मिटला. अशा खटल्यांचा परिणाम म्हणून काल दिसलेलें पान आज दिसत नाहीं असें होऊं शकतें. म्हणून जें निर्विवाद मोकळें आहे तें पाहिल्या दिवशींच उतरवून ठेवावें. 'पुढें कधीं तरी' हें येथें चालत नाहीं.

ऐकण्यापुरतीं, परंतु विश्वासाचीं, अशीं कांहीं स्थळें आहेत. बंगळूरचे लेखक विक्रम संपत यांनीं उभारलेल्या 'आर्काइव्ह ऑफ इंडियन म्यूझिक' या संग्रहांत विसाव्या शतकाच्या आरंभींच्या गायिकांचीं दुर्मिळ गाणीं ऐकतां येतात. मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर यांच्या संग्रहांत एकेका रागावर लेख आणि त्यासोबत निरनिराळ्या गवयांचे लहान-मोठे तुकडे लावलेले आहेत. राग ओळखावयास शिकणाऱ्याला यासारखी शिदोरी दुसरी नाहीं. प्रसारभारतीच्या संग्रहालयानेंहि आकाशवाणीवरील कांहीं जुनीं ध्वनिमुद्रणें महाजालावर ऐकावयास ठेविलीं आहेत. हीं सर्व आपल्या तिसऱ्या जातीचीं. तेथील गाणें आडवाटेनें उतरवून घेण्याचीं साधनें निघालेलीं आहेत. सभ्य माणसानें तीं वापरूं नयेत असें मला वाटतें.

आणि खाजगी बैठकींचें काय? कोणा रसिकानें पन्नास वर्षांपूर्वीं पलंगाखालीं टेपयंत्र ठेवून घेतलेल्या मैफली आज महाजालावर शेकड्यांनीं फिरत आहेत. त्यांत कित्येकदां गवयाचें सर्वोत्तम गाणें सांपडतें, कारण त्या वेळीं तो घड्याळाकडे पाहून गात नव्हता. परंतु हें गाणें विकावयाचें नाहीं या समजुतीनेंच तो मोकळेपणीं गाइला होता. माझें मत असें कीं, अशी ठेव आपल्या घरांत असेल तर गवयाच्या कुटुंबाला किंवा शिष्यांना प्रथम एक प्रत द्यावी आणि त्यांच्या संमतीखेरीज ती महाजालावर चढवूं नये. पुष्कळ घराण्यांत गुरूचें गाणें शिष्यांपाशीं नाहीं आणि तिऱ्हाइताच्या कपाटांत आहे, अशी आज स्थिति आहे.

आतां तिसऱ्या प्रश्नाकडे येऊं. उतरवून घेतलेलें गाणें खरें आहे काय? येथें सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वेग. आपण सरसकट '७८ ची तबकडी' म्हणतों. परंतु पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत ध्वनिमुद्रणाचा वेग असा ठाम नव्हता. कोठें ७४, कोठें ७६, कोठें ८० फेऱ्या. ७४ फेऱ्यांनीं घेतलेली तबकडी कोणी ७८ ने वाजवून महाजालावर चढविली, तर सूर जवळजवळ एका पट्टीनें चढतो. काळी चार मध्यें गाणारा माणूस पांढरी सहामध्यें गातांना ऐकूं येतो. आणि तीन मिनिटें वीस सेकंदांचें गाणें तीन मिनिटें दहा सेकंदांत उरकतें. आवाज बारीक होतो आणि तान अकारण चपळ वाटते. जुन्या गवयांचे आवाज किरटे होते असें जें आजचे तरुण म्हणतात, त्यांतला पुष्कळ दोष या चुकलेल्या वेगाचा आहे. बाकीचा दोष कर्ण्यांत तोंड घालून गावयास लावणाऱ्या त्या काळच्या यंत्राचा. विद्युत् मायक्रोफोन १९२५ च्या सुमारास आला.

याला घरगुती उपाय आहे. 'ऑडॅसिटी' नांवाचें संगणकाचें साधन विनामूल्य मिळतें. त्यांत वेग बदलण्याची सोय आहे. वेग कमी केला कीं सूर आणि लय दोन्ही बरोबरच खालीं येतात, आणि तेंच आपल्याला हवें असतें. मूळचा सूर ओळखावयाचा कसा? साथीला पेटी असेल तर तिचा आधार घ्यावा. गवयाचा षड्ज आपल्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या अधांतरीं लोंबत असेल तर संशय धरावा, आणि त्याच गवयाच्या दुसऱ्या दोन-तीन तबकड्यांशीं ताडून पाहावें. केवळ सारंगीच असेल तर हा पुरावा लटका पडतो, कारण सारंगी कोठेंहि लावतां येते. अशा वेळीं कानाचा कौल घ्यावा: शब्दांचे उच्चार माणसासारखे वाटूं लागले कीं आपण जवळ आलों. मूळची फाइल मात्र तशीच जपून ठेवावी आणि दुरुस्ती प्रतीवर करावी.

दुसरी फसगत नांवांची. महाजालावर राग चुकीचा, ताल चुकीचा, प्रसंगीं गवईहि चुकीचा लिहिलेला असतो, आणि एकानें केलेली चूक दहाजण उतरवून घेतात. येथें जुन्या काळची एक युक्ति उपयोगी पडते. १९०२ सालीं फ्रेड गेस्बर्ग नांवाचे ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गोहरजान यांचें गाणें घेतलें. त्या मूळ मुद्रा जर्मनींत हॅनोव्हर येथें जात, तेथें तबकड्या छापल्या जात आणि मग त्या बोटीनें परत येत. कोणती मुद्रा कोणाची हें तेथील लोकांना कळावें म्हणून गायिका गाण्याच्या शेवटीं आपलें नांव इंग्रजींत उच्चारी, असें सांगतात. कलकत्त्यांत सियालदह येथें १९०८ सालीं कारखाना निघाल्यावर ही गरज सरली. पण त्या पहिल्या दिवसांतल्या तबकड्या शेवटपर्यंत ऐकल्या तर गाणाराची साक्ष त्याच्याच तोंडून मिळते. पुढील काळासाठीं तबकडीच्या मधल्या कागदावरील क्रमांक, आणि त्या कागदाच्या कडेला लाखेंत कोरलेला मुद्राक्रमांक, हीं खरीं ओळखपत्रें. म्हणून गाण्याबरोबर त्या कागदाचें छायाचित्र दिलेलें असेल तर तेंहि उतरवून घ्यावें. क्रमांक कळला कीं ताडून पाहण्याची जागा आहे: १९९० मध्यें मुंबईंत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या पत्रिकेचे अंक शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक ग्रंथालयानें महाजालावर विनामूल्य ठेविले आहेत. त्यांत कलावंतांच्या तबकड्यांच्या याद्या आहेत.

फाइलच्या प्रकारांविषयीं थोडक्यांत सांगतों. सी.डी.च्या दर्जाचें एक तासाचें गाणें सुमारें ६३५ मेगाबाइट जागा खातें. 'फ्लॅक' या प्रकारांत कांहींहि न गमावतां तें साधारण निम्म्यावर येतें. एमपीथ्रीमध्यें, ३२० किलोबिटांच्या दर्जाला १४४ आणि १२८ च्या दर्जाला सुमारें ५८ मेगाबाइट लागतात. पण येथें कानाला कमी जाणवणारा भाग कापूनच ही काटकसर साधलेली असते. जुन्या तबकडीला १२८ देखील बरेंच पुरतें. मात्र चांगल्या नव्या ध्वनिमुद्रणाला ती कात्री पहिल्यांदा लागते ती तंबोऱ्याला. जवारींतून उठणारे जे वरचे वरचे नाद, तेच आधीं जातात, आणि तंबोरा गुंजण्याऐवजीं पाण्यांत बुडाल्यासारखा खळखळतो. म्हणून निवड करतां येत असेल तेथें फ्लॅक घ्यावें. एकदां एमपीथ्री झालेल्याचें पुन्हां फ्लॅक करून लाभ नाहीं. ताकाचें दूध होत नाहीं.

एथवर गेलेल्यांची गोष्ट झाली. हयात कलावंताचें गाणें फुकट मिळावें ही अपेक्षाच मला अनुचित वाटते. स्वस्त मिळावें ही योग्य. वर्गणीच्या सोयींतून कलावंताला पैसे मिळतात ते गाणें किती वेळां वाजलें या हिशेबानें. पन्नास मिनिटांचा बडा ख्याल एकदां ऐकला काय आणि तीन मिनिटांचें चित्रपटगीत एकदां ऐकलें काय, त्या वहींत दोहोंची नोंद सामान्यतः 'एक वेळ' अशीच होते. ख्याल गाणाऱ्याचें पोट या हिशेबानें कसें भरावें? याउलट 'बँडकॅम्प' या २००८ पासूनच्या बाजारांत कलावंत आपल्या गाण्याची किंमत स्वतः ठरवितो. दुकानदार साधारण दहा ते पंधरा टक्के ठेवून घेतो, आणि गिऱ्हाइकाला फ्लॅक, एमपीथ्री वगैरे हव्या त्या प्रकारांत, कुलूप नसलेली प्रत मिळते. कित्येक कलावंत 'आपण द्याल ती किंमत' अशी पाटी लावतात. तेथें शून्य घालतां येतें म्हणून शून्यच घालावें असें नाहीं. पैसे बहुधा परकीय चलनांत भरावे लागतात, ही एक अडचण आहे. आपल्याकडे शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनीं २००३ मध्यें 'अंडरस्कोर रेकॉर्ड्‌स' ही संस्था याच हेतूनें काढली, कीं कलावंताचें ध्वनिमुद्रण कलावंताच्या अटींवर श्रोत्यापर्यंत पोंचावें. शिवाय अनेक गवई-वादक आपल्या स्वतःच्या स्थळावरूनच ध्वनिमुद्रणें विकतात. आवडत्या कलावंताचें नांव शोधल्यावर दुकानाकडे जाण्याआधीं त्याच्या घराकडे जाऊन पाहावें.

पाश्चात्य अभिजात संगीताच्या चाहत्यांची स्थिति आपल्यापेक्षां बरी आहे. बाख १७५० मध्यें वारला, तेव्हां त्याची रचना कोणाच्या मालकीची नाहीं. प्रश्न उरतो तो ती वाजविणाऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा. तेथें दुसरी जात, म्हणजे आपण होऊन दिलेलें गाणें, चांगलीच वाढली आहे. किमिको इशिझाका या पियानोवादिकेनें बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' लोकवर्गणींतून ध्वनिमुद्रित केल्या आणि २०१२ सालीं ध्वनिमुद्रण व स्वरलिपि दोन्ही सर्व हक्क सोडून जगाला दिलीं. मिशिगन विद्यापीठाचे जेम्स किबी यांनीं बाखचीं ऑर्गनवरील झाडून सारीं कामें जर्मनींतल्या जुन्या, त्या काळच्या ऑर्गनांवर वाजविलीं, आणि तीं विनामूल्य उतरवून घेतां येतात. 'म्यूसोपेन' ही संस्था २०१० मध्यें लोकवर्गणी जमवून वाद्यवृंदाकडून मोठमोठ्या सिंफनी वाजवून घेऊं लागली, तीं ध्वनिमुद्रणें मोकळीं ठेवण्यासाठींच. गोव्यांत व मुंबईंत व्हायोलिन-पियानो शिकणाऱ्या मुलांना स्वरलिपीचीं पुस्तकें महाग पडतात. त्यांना 'पेत्रुची' संगीतग्रंथालय ठाऊक असावें. एडवर्ड ग्वो या विद्यार्थ्यानें तें २००६ मध्यें सुरू केलें. पुढच्याच वर्षीं एका युरोपीय प्रकाशकाच्या वकिलाचें पत्र आलें, कारण त्या वेळच्या कॅनडाच्या कायद्यानें मोकळ्या झालेल्या कांहीं रचना युरोपच्या कायद्यानें अद्यापि बांधलेल्या होत्या. ग्रंथालय बंद पडलें आणि २००८ च्या जूनअखेर पुन्हां उघडलें. मघां सांगितलेल्या देशोदेशींच्या मुदतींचा तंटा तो हाच.

शेवटीं, आणलेलें गाणें ठेवावयाचें कसें? 'ट्रॅक एक', 'ट्रॅक दोन' अशा नांवांच्या दोनशें फाइली म्हणजे कागद निघून गेलेल्या दोनशें तबकड्या. उतरवून घेतांक्षणींच फाइलला नांव द्यावें: गवई, राग, ताल, कंपनी, क्रमांक, प्रसिद्धीचें साल, आणि कोणत्या स्थळावरून कोणत्या दिवशीं घेतली तें. देवनागरींत लिहिलें तरी चालतें. वेग दुरुस्त केला असेल तर किती केला तेंहि त्याच नांवांत घालावें. दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या, त्यांतली एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा मित्राकडे. एक हजार जुन्या तबकड्यांच्या बाजू १२८ च्या दर्जानें साडेतीन गिगाबाइटच्या आंत मावतात, म्हणजे नखाएवढ्या कार्डावरहि जागा उरते. आणि माळ्यावरच्या तबकड्या? त्या आडव्या रचून ठेवल्या असतील तर वजनानें तडकतात. कोरड्या जागीं उभ्या ठेवाव्या, आणि त्यांच्या मधल्या कागदांचीं छायाचित्रें काढून क्रमांक महाजालावर शोधून पाहावे. जो क्रमांक कोठेंच सांपडणार नाहीं, ती तबकडी कदाचित् आपल्याच घरीं उरलेली असेल.